चालून आलेली नोकरी



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा आम्ही त्यांना 'मराठी गद्याची जडणघडण' असा एक भारदस्त विषय कळविला होता. पत्रिका छापावयास जाण्याच्या आदल्या दिवशी तो आम्ही बदलून घेतला, आणि त्यापायी छापखान्याचा जो त्रास त्यांना झाला त्याबद्दल प्रथम त्यांची क्षमा मागतो. बदलाचे कारण फारसे साहित्यिक नाही. कारण आहे आमचा भाचा.

पाडव्यानंतरच्या रविवारी तो आमच्याकडे आला. यंत्र-अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्याला दहा महिने झाले आहेत. हातात नेमणुकीचे पत्र होते. पूर्वी अशी पत्रे तांबूस लिफाफ्यातून यावयाची, आता ती खिशातल्या फोनवर येतात, एवढाच काय तो फरक. चाकणच्या एका कारखान्यात तपासनिसाची जागा. यंत्रावरून उतरलेले सुटे भाग मापाला लावून पाहावयाचे, बसले तर या पेटीत, न बसले तर त्या पेटीत. पगार बेताचा, पण वेळेवर मिळेल असा. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यावयाचे. पोराला खरी हौस साचे आणि हत्यारे यांच्या रेखनाची. त्यासाठी त्याने अर्ज पुष्कळ केले. दोन ठिकाणी मुलाखती झाल्या आणि मग शांतता. तो म्हणाला, "मामा, नोकरी वाईट नाही हो. पण पत्र वाचलं तेव्हा मनात काही हललंच नाही."

आम्ही 'घेऊन टाक' असे म्हणण्यासाठी तोंड उघडले आणि तसेच मिटले. का मिटले ते पुढे सांगू. पण त्या दिवसापासून हा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही, आणि आम्हांला वाटते की या मंडपात बसलेल्यांपैकी निम्म्या घरांत तो आज ना उद्या येणारच आहे. चांगली नोकरी आली तर कोणी व्याख्यान ऐकावयास येत नाही. वाईट आली तर ती नाकारावयास सल्ला लागत नाही. माणूस अडतो तो या मधल्या प्रकाराशी. धड गोड नाही, धड कडू नाही, अशी ही नोकरी दारात येऊन उभी राहते आणि म्हणते, शुक्रवारपर्यंत सांगा.

आपल्या वाडवडिलांनी या बाबतीत एक सोय करून ठेवली होती. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, अशी त्यांची उतरंड. म्हणजे नोकरीकडून आनंदाची अपेक्षाच नव्हती. ती पोटासाठी करावयाची. मन रमवावयास भजन होते, शेत होते, सोंगट्या होत्या. आम्ही मात्र ती उतरंड उलटी केली, नोकरीला वरच्या पाटावर बसविले, आणि आता तिने पोटही भरावे, प्रतिष्ठाही द्यावी आणि मनही हलवावे असा आमचा आग्रह आहे. आग्रह चुकीचा आहे असे आम्ही म्हणत नाही. आठवड्यातले सहा दिवस ज्या कामात जावयाचे त्याने माणसाला थोडे तरी काही द्यावे, हे मागणे रास्तच आहे. प्रश्न इतकाच की ते पहिल्याच पत्रात मिळावे काय?

ज्यांनी निरस नोकरी घेतली आणि ज्यांचे त्यात काही बिघडले नाही अशांची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. चंद्रशेखर वेंकट रामन यांचे पाहा. सन १९०७ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी ते सरकारच्या अर्थखात्याच्या परीक्षेत पहिले आले आणि कलकत्त्यास साहाय्यक महालेखापाल म्हणून रुजू झाले. पदार्थविज्ञानाच्या वेडाने झपाटलेल्या मुलाला खतावण्या तपासण्याचे काम! पण बहुबाजार रस्त्यावर त्यांना विज्ञानसंवर्धनासाठी स्थापन झालेल्या संस्थेची पाटी दिसली. तेथील प्रयोगशाळा बव्हंशी रिकामी पडलेली होती. मग सकाळी कचेरीच्या आधी तेथे आणि संध्याकाळी कचेरी सुटल्यावर पुन्हा तेथे, असा क्रम सुरू झाला. मध्यंतरी त्यांची बदली रंगूनला झाली आणि नंतर आपल्या नागपूरला; तेथे ती प्रयोगशाळा कोठली? १९११ मध्ये ते कलकत्त्यास परतले. दहा वर्षे ही दुहेरी शिफ्ट चालली. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे पालित अध्यासन मिळाले तेव्हा सरकारी पगाराहून बऱ्याच कमी पगारावर ते तिकडे गेले. पुढे १९२८ चा शोध आणि १९३० चे नोबेल पारितोषिक, हे शाळेतल्या मुलालाही पाठ आहे.

दुसरे उदाहरण रामानुजन यांचे. १ मार्च १९१२ रोजी ते मद्रास पोर्ट ट्रस्टच्या हिशेबखात्यात तीस रुपये महिन्यावर कारकून झाले. पुढच्या जानेवारीत केंब्रिजच्या हार्डीसाहेबांना जे पत्र गेले त्यात त्यांनी आपली ओळख याच कारकुनीने करून दिली आहे. पण त्या कचेरीत काय होते ते आपण विसरतो. तेथील वरिष्ठ हिशेबनीस नारायण अय्यर हे स्वतः गणिताचे जाणकार होते. साहेबही, सर फ्रान्सिस स्प्रिंग, या कारकुनाची किंमत ओळखणारे निघाले. तीस रुपयांपेक्षा तो शेजार मोठा होता.

आइनस्टाईनचे उदाहरण तर इतके वापरले गेले आहे की ते देताना संकोच वाटतो. १९०० मध्ये पदवी घेऊन त्यांना विद्यापीठात जागा मिळाली नाही. दोन वर्षे कोठे बदली शिक्षक, कोठे खाजगी शिकवणी, असे काढल्यावर ग्रॉसमन या वर्गमित्राच्या वडिलांनी शब्द टाकला आणि १९०२ मध्ये बर्नच्या पेटंट कचेरीत तिसऱ्या श्रेणीचे तज्ज्ञ म्हणून ते लागले. त्यांचे १९०५ चे जगप्रसिद्ध निबंध याच कचेरीच्या काळातले.

ही उदाहरणे आम्हीही पूर्वी व्यासपीठांवरून ठोकून दिली आहेत, टाळ्याही घेतल्या आहेत. आता मात्र सांगताना जीभ थोडी अडखळते. पोर्ट ट्रस्टच्या त्याच दालनात इतरही कारकून बसत असतील. त्यांच्यापैकी कोणाच्या मनात काय होते आणि ते कोणत्या वर्षी विझले, याची नोंद कोणत्या चरित्रात सापडावयाची? जो तरला त्याचे चरित्र निघते. 'रामन यांनी घेतली, तूही घे' हा सल्ला म्हणून कच्चा आहे. त्यातून घेण्यासारखे एवढेच आहे की या तिघांच्या नोकरीने त्यांच्यापाशी काहीतरी शिल्लक ठेवले. रामन यांना सकाळ-संध्याकाळ आणि पायी जाण्याच्या अंतरावर प्रयोगशाळा. रामानुजन यांना समजूतदार वरिष्ठ. नोकरी कशी आहे यापेक्षा ती काय उरू देते, हे त्या वेळी महत्त्वाचे ठरले.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे चालून येणारी नोकरी नाकारणाऱ्यांची परंपरा काही लहान नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी सरकारी शाळेतली नोकरी सोडली, टिळक-आगरकरांनी सरकारी चाकरी करावयाची नाही असे कॉलेजात असतानाच ठरविले, आणि १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले. आगरकरांनी आपल्या आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलगा आता मोठ्या पगारावर चढेल ही त्या माउलीची आशा. आणि मुलाने तिला कळविले की तसे होणार नाही, पोटापुरते मिळवीन आणि उरलेला वेळ लोकांसाठी देईन. हे पत्र आम्ही अनेकदा वाचले आहे, आणि दर वेळी आम्हांला त्या पत्राच्या लेखकापेक्षा ते ज्या घरात उघडले गेले त्या घराचाच विचार अधिक येतो.

पण येथे एक बारकावा आहे. या मंडळींनी नोकरी नाकारली, ती वाट पाहण्यासाठी नाही. नाकारल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोठे जावयाचे हे त्यांना माहीत होते. शाळा काढावयाची होती, मुले जमवावयाची होती. नाकारणे ही एक कृती आहे. वाट पाहणे ही नुसती अवस्था आहे. आणि आमच्या तरुणांची, आमच्यासुद्धा, फसगत होते ती येथे. आपण वाट पाहत असतो आणि मनात समजतो की आपण नाकारले आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिका सकाळी सहाला भरतात. पदे शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, अशा स्पर्धा-परीक्षांसाठी तेथे मुले बसलेली असतात. कित्येकांनी लहानसहान नोकऱ्या सोडून दिलेल्या. पहिल्या दोन वर्षांत ते नाकारणे असते. पाचव्या वर्षी ते काय असते, हे त्या मुलांना विचारण्याचे धैर्य आम्हांला होत नाही.

गणितज्ञांनीही या प्रश्नात डोके घातले आहे, आणि ते ऐकण्याजोगे आहे. कल्पना करा, शंभर स्थळे एकामागून एक सांगून येणार आहेत. एकदा नाही म्हटले की ते स्थळ गेले. सर्वांत उत्तम स्थळ साधण्याची शक्यता जास्तीत जास्त कशी होईल? मार्टिन गार्डनर यांनी हे कोडे १९६० मध्ये एका विज्ञान-मासिकात लोकांपुढे ठेवले, आणि १९६१ मध्ये लिंडली यांनी त्याचे उत्तर प्रसिद्ध केले. पहिली सदतीस नुसती पाहावीत, कांदेपोहे खावेत, आणि नम्रपणे निघून यावे. त्यानंतर आधीच्या सर्वांहून सरस असे पहिले जे येईल ते पत्करावे. खगोलशास्त्रज्ञ केप्लर यांनी १६११ मध्ये पत्नी वारल्यावर अशीच अकरा स्थळे पाहिली आणि पुष्कळ घोळ घालून अखेर पाचवे पत्करले, १६१३ मध्ये. पाचव्याकडे ते परत गेले, म्हणजे गणिताचा नियम त्यांनी मोडला. पण संसार सुखाचा झाला.

या नियमाची खुबी सर्वांना आवडते, त्याचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. हा उत्तमोत्तम नियम पाळूनसुद्धा सर्वश्रेष्ठ स्थळ मिळण्याची शक्यता शंभरात सदतीसच. उत्तम स्थळ पहिल्या सदतिसांतच येऊन गेले असेल तर आपण शंभराव्यापर्यंत बसून राहतो आणि जे उरले त्याच्या गळ्यात माळ घालतो! शिवाय त्या कोड्यात दुसऱ्या क्रमांकाला काहीच किंमत नाही, आणि बसून राहण्याला खर्च नाही. आमच्या-तुमच्या घरात दुसऱ्या क्रमांकाला, किंबहुना पाचव्यालाही, पुष्कळ किंमत असते; आणि बसून राहण्याचा खर्च तर दर पहिल्या तारखेला वाण्याच्या वहीत दिसतो.

अर्थशास्त्रज्ञ मग जमिनीवर आले. स्टिगलर यांनी १९६२ मध्ये आणि मॅकॉल यांनी १९७० मध्ये नोकरीच्या शोधाचा विचार मांडला. पुढे याच प्रकारच्या बाजारांच्या अभ्यासासाठी डायमंड, मॉर्टेन्सन आणि पिसारिडीस यांना २०१० चे नोबेल मिळाले. मॅकॉल यांचे म्हणणे साध्या भाषेत असे : प्रत्येक शोधणाऱ्याने मनात एक रेघ आखावी. रेघेच्या वर आलेली नोकरी घ्यावी, खाली आलेली सोडावी, सर्वोत्तमाची वाट पाहत बसू नये. रेघ कोठे आखावयाची हे दोन गोष्टींवर ठरते : पुढे बरे काही येण्याचा संभव किती, आणि थांबण्याची किंमत किती. थांबणे महाग असेल तर रेघ खाली घ्यावी. गंमत अशी की ही रेघ आपण नोकरी येण्यापूर्वी आखावयाची असते. पत्र हाती पडल्यावर आखली तर ती हटकून पत्राच्या जरा वर किंवा जरा खाली पडते, जसे मन असेल तशी.

थांबण्याची किंमत मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत. अमेरिकेत काही संशोधकांनी शंभर शहरांत सुमारे बारा हजार बनावट अर्ज पाठविले. सर्व बाबतीत सारखे, फरक एवढाच की कोणी एक महिना बेकार, कोणी वर्षभर. २०१३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. बेकारीचा काळ वाढेल तशी मुलाखतीची बोलावणी कमी होतात, आणि ही घसरण मुख्यतः पहिल्या आठ महिन्यांत होते. ज्या शहरांत एकंदरीतच कामाची टंचाई, तेथे मात्र हा डाग कमी लागतो. सर्वच बसलेले असतील तर बसलेल्याला दोष कोण देणार? ही गोष्ट परदेशची आहे. आपल्याकडे तिचे माप जसेच्या तसे लावू नये. आणखी एक, थोडी उलट. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत अकरा विद्यापीठांतील पदवीधरांना नोकरी शोधताना पारखले. जे सर्वोत्तमाच्या मागे लागले त्यांना सुमारे वीस टक्के अधिक पगार मिळाला. आणि तरीही मिळालेल्या नोकरीविषयी ते इतरांपेक्षा कमी समाधानी होते. म्हणजे शोधत राहण्याने मिळते, पण जे मिळते ते गोड लागत नाही. यावर काय म्हणावे ते आम्हांला नीटसे सुचलेले नाही.

आता आम्ही तोंड का मिटले ते सांगतो.

सन १९८४ मध्ये आम्ही एम. ए. झालो. वडील प्राथमिक शिक्षक, त्याच वर्षी निवृत्त झालेले. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात हजेरी लिहिण्याची जागा आम्हांला चालून आली. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही, त्यांची त्यात काहीच चूक नव्हती. आम्हांला प्राध्यापक व्हावयाचे होते. उसाच्या गाड्या आणि पाळीचे भोंगे यांत आमच्या मराठी वाङ्मयाचे काय व्हावयाचे, असे आम्ही वडिलांना ऐटीत विचारले. ते काही बोलले नाहीत. आम्ही सतरा महिने थांबलो. या सतरा महिन्यांत आम्ही ग्रंथालयात जात होतो, अर्ज लिहीत होतो, मित्रांशी वाङ्मयाच्या भवितव्याची चर्चा करीत होतो, आणि स्वतःला तत्त्वनिष्ठ समजत होतो.

धाकट्या बहिणीने त्याच वर्षी विज्ञान शाखेत नाव घातले होते. गणितात ती आमच्यापेक्षा किती तरी पुढे. वर्ष पुरे होण्याच्या आत तिने कॉलेज सोडले आणि एका औषधाच्या दुकानात हिशेबाला बसली. का सोडलेस असे आम्ही विचारले तेव्हा ती म्हणाली, "दादा, मला नाही आवडत ते." आम्ही ते खरे मानले. आम्हांला ते खरे मानणे सोयीचे होते. घरात दर महिन्याला येणारे जादा पैसे कोठून येतात हा हिशेब, एम. ए. झालेल्या माणसाने, केलाच नाही. पुढे आम्ही एका सरकारी कचेरीत हिशेबशाखेत लागलो. काम हजेरी लिहिण्यापेक्षा रसाळ नव्हते; तीच टाचणी, तोच धागा, तीच फाइल. प्राध्यापकी काही आली नाही. ज्या चार पुस्तकांमुळे आपण आम्हांला आज येथे बोलाविले ती कचेरी सुटल्यावरच लिहिली. साखर कारखान्याचा भोंगा झाल्यावरही ती लिहिता आली असती.

ती बहीण म्हणजे या भाच्याची आई. ती आज पुढच्या दोन रांगांत कोठे तरी बसलेली आहे, आणि हे सांगण्याची परवानगी आम्ही तिच्याकडून मागून घेतली आहे. "एवढं काय त्यात," असे म्हणून तिने ती दिली.

तेव्हा त्या रविवारी आम्ही भाच्याला सल्ला दिला नाही, काही गोष्टी विचारल्या. तुझ्या थांबण्याचे पैसे कोण भरते आहे, आणि त्या माणसाला तू विचारले आहेस का? पुढचे चार महिने थांबलास तर दिवसाचे काय करशील. 'अर्ज करीन' हे उत्तर चालणार नाही, अर्जाला तासभर लागतो. कारखान्याची गाडी किती वाजता निघते आणि किती वाजता सोडते? घरी आल्यावर डोळे उघडे राहतील का? तेथे तुझ्या शेजारी कोण बसणार आहे? ज्या कामाची तुला हौस ते त्याच आवारात कोणी करते का? आणि बाहेर पडावयाचे झाले तर दार कसे आहे : किती दिवसांची सूचना द्यावी लागते, किती वर्षांचे बंधपत्र लिहून मागतात, मूळ प्रमाणपत्रे ठेवून तर घेत नाहीत ना? प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्याच्या दारात पाऊल टाकू नये, पगार कितीही असो. बंधपत्राची रक्कम वाचून सही करावी. प्रशिक्षणाच्या खर्चापोटी वाजवी रक्कम असेल तर न्यायालये ती मान्य करतात, सही करून मग 'मला ठाऊक नव्हते' म्हणण्यात अर्थ नाही. दोन-चार दिवसांची मुदत मागावी. मागण्यात कमीपणा नाही, आणि पुष्कळदा ती मिळते. होकार देऊन मग रुजू व्हावयाचे नाही असा प्रकार हल्ली बोकाळला आहे, तो मात्र करू नये. त्या जागेची वाट पाहणारा दुसरा कोणी तरी असतो.

मुलाने यातले निम्मे लिहून घेतले. निम्म्याकडे त्याने नव्या पिढीच्या सौजन्याने दुर्लक्ष केले. पहिला प्रश्न मात्र त्याने त्याच रात्री आईला विचारला. ती म्हणाली, "घे किंवा सोड. सोडलीस तर उद्या सकाळी आठ वाजता कुठं जाणार ते मला सांग, म्हणजे झालं." आम्ही एवढ्या पुस्तकांतून, एवढ्या नोबेलवाल्यांच्या आधाराने जे सांगितले ते तिने डाळीला फोडणी देता देता सांगितले, असे भाच्याचे म्हणणे.

गुरुवारी तो चाकणला स्वतः जाऊन आला. तपासणीच्या खोलीच्या भिंतीपलीकडेच हत्यारे बनविण्याचा विभाग आहे, आणि तेथे एक वृद्ध कारागीर साच्याला हाताने शेवटची पॉलिश देत होता, ते तो खिडकीतून उभा राहून पाहत राहिला. शुक्रवारी त्याने होकार कळविला. त्याबरोबर एक विनंतीही लिहिली, की पाळी संपल्यावर आठवड्यातून दोन दिवस, बिनपगारी, त्या विभागात थांबू द्यावे. रोजनिशीच्या पुढच्या वर्षाच्या पानावर त्याने एक तारीख लिहून ठेवली आहे. त्या तारखेला रेघ पुन्हा आखावयाची. सोमवारपासून तो जाऊ लागला. गाडी पावणेसहाला चौकात येते. विनंतीचे उत्तर अजून आलेले नाही.